बिबटे वाढलेत की दिसायला लागलेत? प्राण्यांची संख्या मोजतात कशी, बदलते कशानं

शिराळ्याजवळच्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवणाऱ्या सरांनी विचारलंय : "आमच्या भागात बिबटे भरमसाट वाढलेत असं सगळेच म्हणतात. वनखात्याचा आकडा वेगळा, पेपरातला वेगळा, गावातला तिसराच. प्राण्यांची संख्या नेमकी मोजतात कशी? ती कशामुळं वाढते-घटते? आणि पकडून दुसरीकडं सोडले तर कमी होतील का?" कराड, पाटण, शिराळा या पट्ट्यात वन्यप्राण्यांच्या सर्वेक्षणाचं काम मी बरीच वर्षं करतोय, म्हणून उत्तर जरा ऐसपैस देतो.

सर, दिसलेले प्राणी मोजायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. आमचं सगळं शास्त्र न दिसलेल्यांसाठी आहे. शंभर प्राण्यांतले तुम्हाला दहा दिसले की साठ, हे कळल्याशिवाय दिसलेल्या आकड्याला अर्थ नाही. आणि हे दिसण्याचं प्रमाण ऋतूप्रमाणं, पिकाप्रमाणं, पाहणाऱ्याप्रमाणं बदलत राहतं. तुमच्याकडचा ऊसच घ्या. पावसाळ्यात आणि त्यानंतरही ऊस डोक्याच्या दुप्पट उंच असतो. आत बिबट्याची मादी पिल्लं घेऊन पडली असली तरी बांधावरच्या माणसाला पत्ता लागत नाही. दिवाळीच्या आसपास कारखाने सुरू होतात, टोळ्या उतरतात आणि फड मोकळे व्हायला लागतात. जानेवारी-फेब्रुवारीत तेच बिबटे उरलेल्या उसात, ओढ्याकाठच्या झाडीत, खोडव्याच्या कडेला दाटीनं राहतात. तोडणीवाल्यांना पाचटात पिल्लं सापडतात, रात्री दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी पाजायला गेलेल्याला बॅटरीच्या उजेडात डोळे चमकताना दिसतात, घरासमोरच्या सीसीटीव्हीत कुत्रं उचलताना वाघरू येतं. त्या महिन्या-दोन महिन्यांत बिबटे दुप्पट झाले असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात संख्या कदाचित तेवढीच असते, आडोसा तेवढा गेलेला असतो. शिवाय मोठ्या नराचा फिरण्याचा इलाखा सहज चार-पाच गावांच्या शिवारावर पसरलेला असतो. एका आठवड्यात तीन गावांत तीन व्हिडिओ निघाले आणि तिन्हींत एकच नर असला, असं होतं. तिन्ही गावं मात्र आपापला बिबट्या मोजतात.

याचा अर्थ गावकरी खोटं बोलतात असा मी अजिबात घेत नाही. त्यांचा अनुभव खराच असतो, फक्त त्यातून एकदम संख्येवर उडी मारता येत नाही.

आता पाणवठ्यावरच्या गणनेबद्दल, कारण पेपरात सगळ्यात जास्त छापून येते ती हीच. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसायचं आणि पाण्यावर येणारं जनावर नोंदवायचं. मे महिना, पाणी कमी, चांदणं भरपूर, त्यामुळं जनावर दिसतं. उपक्रम म्हणून मला तो आवडतो. शहरातली पोरं एक रात्र जंगलात गप्प बसून काढतात, हे काय कमी आहे? पण संख्या म्हणून त्याकडं बघू नका. एकच सांबर दोन पाणवठ्यांवर जाऊन दोनदा लिहिलं जाऊ शकतं. आणि कोयना-चांदोलीत तर एका बाजूला शिवसागर, दुसऱ्या बाजूला वसंतसागर असा अफाट जलाशय पसरलाय. जनावरानं नेमक्या तुमच्याच मचाणाखाली यावं असं त्याच्यावर बंधन नाही. आदल्या संध्याकाळी वळवाची एक सर कोसळली की डबक्याडबक्यात पाणी होतं आणि त्या वर्षीचा आकडा घसरतो. दुसऱ्या दिवशी मथळा येतो : 'वन्यप्राण्यांच्या संख्येत घट'. घट कसली, पाऊस पडला होता.

ठशांवरून वाघ मोजण्याची गोष्ट याहून गंभीर आहे. १९७२ साली देशभर पायांच्या ठशांवरून वाघ मोजले, आकडा निघाला १,८२७. अनुभवी वनरक्षक ठशावरून वाघ अन् वाघ ओळखतो, हा त्यामागचा विश्वास. पण तोच पंजा ओल्या मातीत वेगळा उमटतो, फुफाट्यात वेगळा, चढावर वेगळा. २००४-०५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं, तेव्हा कागदावर मात्र वाघ होते. त्यानंतर कॅमेऱ्यांवर आधारलेली पद्धत आली आणि २००६ चा अंदाज निघाला १,४११. त्याआधीचा, २००१-०२ चा ठशांचा आकडा ३,६४२ होता. अनेकांनी वजाबाकी करून चार वर्षांत दोन हजारांवर वाघ मेले असं लिहिलं. पद्धत बदलली की जुना आणि नवा आकडा एका ओळीत मांडू नये, एवढं पोरांना शिकवलंत तरी पुष्कळ.

मग बिबटे मोजतात कसे? कॅमेरा ट्रॅपनं, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यानं, आणि त्यामागं एक गणित असतं. दोन्ही सांगतो.

बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते. गंमत अशी की त्याच बिबट्याची डावी कूस आणि उजवी कूसही एकमेकींसारखी नसते. म्हणून एका जागी दोन कॅमेरे लागतात, वाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर, पण अगदी नाकासमोर नाही. जरा तिरके लावले नाहीत तर एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या फोटोत पांढरा डाग करतो. उंची गुडघ्याएवढी, जमिनीपासून दीड फुटाच्या आसपास. वर लावला तर पाठ येते, कूस येत नाही. जागा निवडणं हीच खरी कला. मांजरकुळातल्या जनावराला मोकळ्या वाटेनं चालायला आवडतं, तेव्हा पाणंद, गाडीवाट, ओढ्याची कड, फडाच्या कोपऱ्यावरनं जाणारी पाऊलवाट अशा जागा धरायच्या. समोरचं गवत आणि उसाचं लोंबतं पान कापून टाकायचं, नाहीतर वाऱ्यानं हलणाऱ्या एका पानाचे हजारो फोटो भरून कार्ड संपतं. कार्ड उघडलं की आधी काय निघतं? म्हशी, शेळ्या, कुत्री, सायकलवरचा पोरगा, फावडं खांद्यावर टाकून निघालेला आजोबा. माणसांचे फोटो आम्ही काढून टाकतो, तसा शब्दच गावाला दिलेला असतो. मग कोल्हा, उदमांजर, साळिंदर, आणि मधेच रात्री अडीच-तीनला एक बिबट्या, मान खाली, शेपटीचं टोक वर.

हा कोण, ते ठरवायचं असतं. एक कूस घ्यायची, खांद्यामागचा एखादा विचित्र आकाराचा ठिपका पकडायचा आणि आधीच्या सगळ्या फोटोंत तो शोधायचा. संगणकाची मदत होते, पण शेवटचा निवाडा माणसाच्या डोळ्यांचा, आणि तोही एकाच्या नाही, दोघांनी वेगवेगळा केलेला. पिल्लं या हिशेबात धरत नाहीत. ती कॅमेऱ्यासमोर क्वचित येतात आणि त्यांतली पुष्कळशी जगत नाहीत.

आता गणित. समजा पहिल्या पंधरवड्यात सहा वेगळे बिबटे ओळखले. दुसऱ्या पंधरवड्यात आठ बिबटे फोटोत आले, त्यांतले चार आधी पाहिलेले. म्हणजे दुसऱ्या खेपेला आलेल्यांपैकी निम्मे ओळखीचे. याचाच अर्थ पहिल्या खेपेला आपण एकंदर बिबट्यांपैकी साधारण निम्मे टिपले होते. सहा हे निम्मे, तर एकूण बारा. सूत्रात घालायचं तर सहा गुणिले आठ भागिले चार. डेन्मार्कच्या पीटरसननं १८९६ मध्ये माशांवर खुणा करून असा विचार मांडला, आणि अमेरिकेच्या लिंकननं १९३० मध्ये बदकांना कडी घालून तो वापरला, म्हणून या रीतीला त्या दोघांची नावं जोडतात. वर्गात करून बघा : पातेलंभर हरभरे घ्या, मूठभर काढून शाई लावा, परत मिसळा, पुन्हा मूठभर काढा. पोरं दहा मिनिटांत सूत्र स्वतः काढतील.

हरभरे मात्र हुशार नसतात, बिबटे असतात. सूत्र खरं ठरायला काही अटी पाळाव्या लागतात. मोजणीच्या काळात जन्म-मृत्यू, ये-जा फारशी होऊ नये. म्हणून काम महिना-दीड महिन्यात उरकायचं आणि ऐन तोडणीच्या धामधुमीत करायचं नाही. खूण पुसली जाऊ नये. ठिपके पुसत नाहीत, तेवढी चिंता मिटते, उंदराच्या कानातला बिल्ला मात्र पडतो. आणि प्रत्येक जनावर सापडण्याची शक्यता सारखी असावी. ही अट कधीच पुरी होत नाही. मोठा नर राजरोस वाटेनं हिंडतो, पिल्लांजवळची मादी कोपऱ्यात राहते. पिंजऱ्यात उंदीर धरणाऱ्यांना याचा फार जाच होतो. काही उंदरांना आतल्या भजीची चटक लागते आणि ते रोज येऊन बसतात, काही एकदा अडकले की पुन्हा फिरकत नाहीत. पहिल्या प्रकारात अंदाज खऱ्यापेक्षा कमी येतो, दुसऱ्यात जास्त. त्यामुळं आता नुसती भागाकाराची रीत वापरत नाहीत. कोणता बिबट्या कोणत्या कॅमेऱ्यासमोर किती वेळा आला हे नकाशासकट गणितात घालतात आणि त्यातून घनता काढतात, म्हणजे शंभर चौरस किलोमीटरला किती.

घनतेचा आग्रह एवढ्यासाठी की 'बारा बिबटे' ऐकलं की पहिला प्रश्न यायला हवा, कुठले बारा? कॅमेऱ्यांच्या चौकटीच्या कडेला राहणारा बिबट्या अर्धा आत, अर्धा बाहेर असतो. त्याला पुरा धरला तर आकडा फुगतो. अकोले तालुक्यात (तेव्हाचा नगर जिल्हा) विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं काम केलं. उसाचं खोरं, चौरस किलोमीटरला तीनशेवर माणसं, नाव घ्यावं असं जंगल नाही. तिथं शंभर चौरस किलोमीटरला ४.८ प्रौढ बिबटे निघाले, आणि त्या आकड्याच्या पुढं-मागं १.२ ची चूकभूल लिहिलेली. २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. हा आकडा उचलून शिराळ्याला चिकटवू नका. मी तो सांगतोय तो एवढ्यासाठी की उसातले बिबटे जंगलातून वाट चुकून आलेले नसतात. ते तिथंच राहतात, तिथंच वितात.

आता सरकारी आकडा. २०२२ च्या अंदाजात देशात १३,८७४ बिबटे आणि महाराष्ट्रात १,९८५. पेपरात एवढंच येतं. अहवालात मात्र स्पष्ट लिहिलंय की देशाचा खरा आकडा १२,६१६ ते १५,१३२ च्या दरम्यान कुठंही असू शकतो. आणि त्याहून महत्त्वाचं, ही पाहणी मुख्यतः वाघांच्या राज्यांतल्या जंगलपट्ट्याची आहे. जंगलाबाहेरचा शेतीचा मुलूख तिच्यात मोजलेला नाही. म्हणजे कृष्णा-वारणाकाठच्या उसातला बिबट्या त्या १,९८५ मध्ये मुळात नाहीच. गावाचा आकडा आणि खात्याचा आकडा जुळत नाही याचं निम्मं उत्तर इथं आहे. दोघं वेगवेगळी जागा मोजतायत.

बाकीच्या पद्धती थोडक्यात. गवा, सांबर, भेकर यांच्या अंगावर ओळखता येईल अशी खूण नसते. त्यांच्यासाठी ठरलेल्या सरळ रेषेवर पहाटे चालायचं आणि जनावर दिसलं की रेषेपासून ते किती लांब होतं ते मोजायचं. लांबचं कमी दिसतं. किती वेगानं कमी दिसतं त्यावरून न दिसलेल्यांचा हिशेब लागतो. चांदोलीच्या दाट झाडीत ही पद्धत दमवते, कारण वीस पावलांपलीकडं काही दिसत नाही. तिथं लेंड्या मोजणं बरं. विष्ठेतून डीएनए काढूनही जनावर ओळखता येतं, फक्त खर्च फार.

झाडं पळून जात नाहीत म्हणून ती मोजायला सोपी, असा समज आहे. मीटर बाय मीटरची चौकट टाकायची आणि आतली रोपं मोजायची, बास. पण कासच्या पठारावर हे करून बघा. तिथला वायतुरा जमिनीखालच्या कंदातून येतो. यंदा तुरा आला नाही म्हणजे झाड मेलं असं नाही, ते खाली झोपलेलं असतं. टोपली कारवी सात वर्षांनी एकदम फुलते, बी टाकते आणि मरते. फुलोऱ्यानंतरच्या वर्षी मोजायला गेलात तर कारवी संपली असा निष्कर्ष निघेल.

आणि खटाव तालुक्यातल्या मायणी तलावावरचे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. तलावात पाणी उथळ असलं की ते उतरतात, कारण चोचीनं चिखल गाळून खायचं तर पाय टेकायला हवेत. पाऊसमान चांगलं झालं, तलाव तुडुंब राहिला, की रोहित दुसरीकडं जातात. त्या वर्षी खटावकर हळहळतात. रोहित जगात कमी झालेले नसतात, मायणीला आलेले नसतात.

हुमणीचा, म्हणजे उसाची मुळं खाणाऱ्या अळीचा उल्लेख केल्याशिवाय सांगलीकडचं उत्तर पुरं कसं होईल? वळीव पडला की तिचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघतात. एक जात कडुनिंब-बाभळीवर गोळा होते, नदीकाठची दुसरी जात झाडावर खायलाही जात नाही. प्रकाश सापळ्यात किती भुंगेरे पडले हा फक्त निर्देशांक झाला. चांदण्या रात्री कमी पडतात, कारण बल्ब फिका पडतो. खरी संख्या कळायला सरीत फूटभर लांब-रुंद-खोल खड्डे घेऊन अळ्या मोजाव्या लागतात, तेही रानाच्या एका कोपऱ्यात नाही, आठ-दहा ठिकाणी, चिठ्ठी टाकून निवडलेल्या. ऊस जिथं वाळलेला दिसतो तिथंच खणाल तर सगळ्या रानात हुमणीच हुमणी निघेल.

एवढं मोजण्याबद्दल. तुमचा दुसरा प्रश्न, संख्या कशानं बदलते.

कुठल्याही प्राण्याच्या संख्येला चार दारं असतात. जन्म आणि बाहेरून येणं ही आत यायची, मृत्यू आणि निघून जाणं ही बाहेर पडायची. पाचवं दार नाही. अन्न, पाणी, रोग, शिकारी, हवामान, माणूस, जे काही असेल ते याच चारांपैकी एखादं दार सैल किंवा घट्ट करतं. एखाद्या जातीचा अभ्यास म्हणजे तिचं कोणतं दार निर्णायक आहे ते शोधणं.

सांगली जिल्ह्यानं याचा एक धडा फार महागात घेतलाय, तो लोकरी माव्याचा, म्हणजे उसाचा रस शोषणाऱ्या एका बारीक किडीचा. २००२ च्या पावसाळ्यात उसाच्या पानांखाली पांढरी लोकर दिसायला लागली. पश्चिम महाराष्ट्रातल्या मोठ्या उद्रेकाची पहिली नोंद सांगली जिल्ह्यातलीच. हा मावा ईशान्य भारतात आधीपासून होता, इकडं नवखा. याची मादी नराशिवाय थेट पिल्लं टाकते, आणि ती पिल्लं थोड्याच दिवसांत स्वतः पिल्लं टाकायला लागतात. पंख फुटलेले मावे वाऱ्यावर पुढच्या फडात जातात. अन्न म्हणावं तर क्षितिजापर्यंत नुसता ऊस. जन्माचं दार सताड उघडं, मृत्यूचं जवळजवळ बंद, कारण त्याला खाणारे किडे अजून पुरेसे जमलेले नव्हते. पानांवर चिकटा, चिकट्यावर काळी बुरशी, पानं काळी पडलेली, फडात गेलं की कपडे चिकट, असं ज्यांनी पाहिलंय ते विसरणार नाहीत.

मग शिकारी आले. डिफा नावाच्या पतंगाची अळी माव्याच्या थव्यातच जाळी करून राहते आणि त्यालाच खाते. मायक्रोमस हा मावा खाणारा किडाही आला. आसामातून एन्कार्सिया ही बारीक गांधीलमाशीसारखी परजीवी आणून सोडली. खाणं मुबलक म्हटल्यावर या मित्रकीटकांची संख्याही वाढली, आणि मावा आटोक्यात आला. यात वेळेचं अंतर ध्यानात घ्या. शिकारी नेहमी भक्ष्याच्या मागून वाढतो, आधी नाही. त्या मधल्या काळात घाबरून जबर फवारणी केली की डिफाही मरतो. मावा पुन्हा लवकर वाढतो, डिफाला वेळ लागतो. फवारलेल्या फडात मावा परत का येतो हे कोडं अनेकांना पडलं होतं, त्याचं उत्तर हेच.

माव्याचा मृत्यू त्याच्या गर्दीवर अवलंबून होता. जितका मावा जास्त तितका डिफा जास्त. अशा गोष्टी संख्येला लगाम घालतात. उलट अवकाळी गारपीट झाली तर मावा शंभर असो की लाख, सारख्याच प्रमाणात झोडपला जातो. तिला गर्दीशी देणंघेणं नाही. परीक्षेत घनतावलंबी आणि घनतानिरपेक्ष असे जे दोन शब्द येतात ते हे.

गर्दीचा लगाम कसा लागतो ते बघायचं तर सागरेश्वरला जा, तुमच्यापासून लांब नाही. धों. म. मोहित्यांच्या ध्यासातून उभं राहिलेलं, माणसांनी लावलेलं हे रान. क्षेत्र १०.८७ चौरस किलोमीटर, भोवती कुंपण, बारमाही पाण्याचा नैसर्गिक स्रोत नाही. सांबर, चितळ, काळवीट बाहेरून आणून सोडलेले. आता चार दारांचा हिशेब लावा. कुंपणामुळं येणं-जाणं जवळपास बंद. वाघ नाही, रानकुत्र्यांची टोळी नाही, म्हणजे मृत्यू कमी. पाणी टाक्यांतून मिळतं. जन्म चालूच. अशा जागी संख्या वाढत जाणार आणि कधीतरी चाऱ्याशी अडणार. एखादी जागा किती जनावरं कायमची पोसू शकते त्याला धारणक्षमता म्हणतात, आणि तिच्याकडं जाताना वाढीचा वेग कसा मंदावतो याचं समीकरण बेल्जियमच्या व्हेरहुल्स्टनं १८३८ मध्ये मांडलं होतं. पुस्तकातली ती इंग्रजी एस अक्षरासारखी रेघ बघून वाटतं की संख्या तिथं जाऊन गुमान थांबते. सागरेश्वराच्या आसपासच्या शेतकऱ्याला विचारा. कुंपणाला फट पडली की हरणं द्राक्षात, मक्यात, शाळूत येतात. ते चौथं दार आहे.

आणि जिथं चौथं दार असूच शकत नाही तिथं काय होतं? अलास्काजवळच्या बेरिंग समुद्रात सेंट मॅथ्यू नावाचं बेट आहे. १९४४ मध्ये तिथं २९ रेनडिअर सोडले. लांडगे नाहीत, दगडफुलाची जाड गादी पसरलेली. १९६३ पर्यंत कळप सुमारे ६,०००. तोवर दगडफूल चरून साफ झालं होतं, ते वाढायला कित्येक वर्षं लागतात. १९६३-६४ चा हिवाळा कडक गेला. १९६६ मध्ये मोजले तेव्हा ४२ उरले होते, त्यांत नर एक. धारणक्षमता ही दगडावरची रेघ नाही, गर्दी ती स्वतःच खाऊन खाली आणू शकते, हे त्या बेटानं दाखवलं. म्हणून सागरेश्वरासारख्या ठिकाणी जास्तीची हरणं वेळच्या वेळी दुसरीकडं हलवणं मला गैर वाटत नाही. काहींना ते क्रूर वाटतं. मला भुकेनं मरणं त्याहून क्रूर वाटतं.

याच्या बरोबर उलटं उदाहरण तुमच्या उशाशी आहे, सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. २०१० मध्ये चांदोली आणि कोयना मिळून तो झाला. जंगल आहे, गवे आहेत, आणि दक्षिणेकडून गोवा-कर्नाटकातून तिलारी, राधानगरीमार्गे वाघ चालत येण्याची वाटही शाबूत आहे. २०१८ मध्ये कॅमेऱ्यात वाघ आला, २०२३ च्या अखेरीस पुन्हा आला. मग संख्या का वाढेना? कारण येणारे नर. सेनापती, सुभेदार, बाजी, तिन्ही नर. वाघाचा तरुण नर लांबवर भटकतो, मादी सहसा आईच्या इलाख्याच्या आसपासच जागा शोधते. येण्याचं दार उघडं असूनही जन्माचं बंद राहिलं. इथं चारा-पाणी कितीही सुधारलं असतं तरी मादीशिवाय बछडे कुठून येणार होते? म्हणून नोव्हेंबर २०२५ पासून ताडोबाकडून वाघिणी आणायला सुरुवात झाली. हा निर्णय मला पटतो, कारण नेमकं अडलेलं दार ओळखून तो घेतलाय.

आता बिबट्याकडं, आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडं.

मादी तीन महिन्यांच्या आसपास गाभण राहते, दोन-तीन पिल्लं देते, ती दीड-दोन वर्षं आईबरोबर असतात. वाघापेक्षा हा चिवट. उसानं त्याला बारमाही नाही तरी वर्षातला बराच काळ आडोसा दिला. अन्न कोण देतं? आपण. वर सांगितलेल्या अकोले तालुक्यातल्या बिबट्यांनी खाल्लेल्या मांसात वजनानं ८७ टक्के पाळीव प्राणी होते, आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. गावाबाहेर कोंबड्यांची घाण टाकायची, त्यावर कुत्री पोसायची आणि कुत्र्यांवर बिबटे, अशी ती साखळी. मृत्यूच्या बाजूला पुणे-बंगळूर महामार्गावरची वाहनं, कठडा नसलेल्या विहिरी, तारांचे फास.

या परिस्थितीत एक बिबट्या पिंजऱ्यात धरून नेला तर काय होतं? इलाखा रिकामा होतो, पण आडोसा आणि कुत्री जिथल्या तिथं असतात. शेजारचा किंवा नुकताच आईपासून सुटलेला तरुण बिबट्या ती जागा धरतो. जाण्याचं दार तुम्ही उघडलंत, येण्याचं आपोआप उघडलं. आणि नेलेल्याचं काय? जुन्नर भागात २००१ नंतर मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दुसरीकडं सोडले गेले. माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते १७ झाले. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर परतीच्या वाटेला लागतं, वस्त्यांमधून जातं, बिथरलेलं असतं. माणसावर हल्ला करणारा ठराविक बिबट्या ओळखून काढून घेणं वेगळं, तो खात्याचा अधिकार आहे आणि कधीकधी ते करावंच लागतं. पण सरसकट धरपकडीनं संख्या उतरत नाही.

शाळेत करण्यासारखं काही विचाराल तर बिबटे मोजायला जाऊ नका. दर महिन्याला ठरलेल्या चार रस्त्यांवरून ठरलेल्या वेळी फिरून भटकी कुत्री मोजा, प्रत्येक कुत्र्याचा फोटो काढा. ठिपके, कान, शेपटी यांवरून ओळख पटते, आणि वरचं सूत्र तसंच्या तसं लागू होतं. सोबत कोणत्या महिन्यात शिवारातला किती ऊस उभा होता ते लिहा, आणि गावात बिबट्या दिसल्याच्या बातम्या तारखेनिशी नोंदवा. दोन हंगामांची वही झाली की तिन्ही रकाने शेजारी मांडून बघा. बातम्या कुत्र्यांबरोबर चढतात की ऊस उतरला की चढतात, ते तुमच्या गावापुरतं तरी पोरांना स्वतः सांगता येईल. पाचटात पिल्लं सापडली तर मात्र हात न लावता तोड थांबवून वनखात्याला कळवा. आई बहुतेक वेळा अंधार पडल्यावर येऊन एकेक करून घेऊन जाते.